सुकेळ्याची पारख

एखाद्या जिन्नसाची किंमत पेठेत विचारली की कळते, परंतु त्याची योग्यता ठरवावयाची तर डोळा, बोट, नाक आणि जीभ यांची साक्ष क्रमाक्रमाने घ्यावी लागते. आणि ज्या जिन्नसाच्या घडणीत माणसाच्या हाताइतकाच उन्हाचा वाटा आहे, त्याच्या बाबतीत ही साक्ष घाईने घेतली तर निवाडा हमखास चुकतो. वसईच्या मुलखातील सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, हा अशा जिन्नसांपैकी एक आहे. आचोळ्यात, जेथे पूर्वीची शेते इमारतींखाली गेली, तेथे राहून मी या सुकेळ्यांची पारख करावयास शिकलो ते रेल्वेच्या पुलापलीकडे पश्चिमेस अद्याप टिकून असलेल्या वाड्यांच्या आधारावर. नालासोपाऱ्याच्या पूर्वेकडील मनुष्याला आगाशी, नंदाखाल, निर्मळ ही नावे रोज कानांवर पडतात. तेथील वाडीत पाऊल टाकण्याचे भाग्य मात्र त्याला क्वचितच लाभते.

आगाशी हे गाव सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी आणि इमारती लाकडाच्या व्यापारासाठी ख्यातकीर्त होते, आणि पोर्तुगीजांनी ते लुटल्याची नोंदही इतिहासात आहे. पुढे इंग्रजी अमदानीत गॅझेटिअर सिद्ध करणाऱ्या अंमलदारांनी या गावाचा तपशील लिहिताना भवानीशंकराच्या देवालयाबरोबर येथील सुक्या केळ्यांचाही आवर्जून उल्लेख केला, आणि ती ठाणे जिल्ह्यात सर्वोत्तम असल्याचा निर्वाळा दिला. सरकारी दप्तरात एखाद्या खाद्यवस्तूला असा मान मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

सुकेळे होते ते राजेळीचे. केरळात जिला नेंद्रन म्हणतात आणि जिच्या कापांना तेथे घरोघर मान आहे, तीच ही जात: फळ लांब, किंचित वाकलेले, कोनदार, साल जाड आणि गर घट्ट. बसराई केळ्यात पाण्याचा अंश अधिक असल्याने ते वाळताना बसते आणि चिकट होते; वेलची गोड खरी, पण तिचा जीव लहान. राजेळीच्या गरात पिष्ट भरपूर असते, आणि ते पिष्ट पिकण्याच्या क्रियेत जितके शर्करेत उतरेल तितके सुकेळे उंचीला पोहोचते. म्हणून या कामातील पहिला आणि सर्वांत अवघड निर्णय उन्हाचा नसून साल केव्हा काढावी हा असतो. सालीवर काळे ठिपके दाटून आलेले, बोटाने दाबताच किंचित नमणारे, परंतु देठाशी अजून पक्के असलेले केळे हाती लागले पाहिजे. एक दिवस अगोदर सोलले तर सुकेळे पिठूळ राहते, आणि एक दिवस उशीर झाला तर ते मांडवावरच आंबटते.

मी पाहिलेल्या वाडीत जमिनीपासून उंच बांधलेल्या मांडवावर सोललेली केळी एकमेकांना न चिकटतील अशा बेताने मांडली होती, कारण वरून ऊन आणि खालून वारा असा दुहेरी उपचार झाल्यावाचून ती सारखी वाळत नाहीत. दोरे काढलेल्या केळ्यांना दिवसातून अनेकदा कूस बदलावी लागते; सायंकाळी दव उतरण्यापूर्वी ती आत घ्यावयाची, एकत्र झाकून ठेवावयाची आणि सकाळी पुन्हा मांडावयाची. या रात्रीच्या विसाव्याचे महत्त्व मला पुष्कळ उशिरा उमगले. दिवसा वरचा थर वाळतो, आतील ओल मात्र जागीच राहते. झाकून ठेवल्यावर ती ओल हळूहळू बाहेरच्या थराकडे सरकते, आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हाला नवे काम मिळते. हा विसावा न देता सलग उष्णतेवर वाळवलेल्या फळाची वरची त्वचा कातड्यासारखी घट्ट होते आणि पोटात ओल कोंडून राहते. पिकल्या राजेळीत सुमारे दोन तृतीयांश पाणी असते. त्यातील बहुतेक घालवावयाचे आणि तरीही फळ मऊ ठेवावयाचे, हे त्या वाडीतील वृद्ध बाईंचे सारे कौशल्य. त्या म्हणाल्या, "भट्टीत रंग येतो, बाबा, गोडी उन्हातच येते." मी हे विधान त्या वेळी केवळ ऐकून घेतले, त्याची खातरजमा नंतर झाली.

पारखीच्या बाबतीत हवाना शहरातील चिरुटांचे जाणकारही डोळा, बोट, नाक आणि जीभ याच क्रमाने पुष्कळसे जातात. क्यूबाच्या पश्चिमेकडील व्हुएल्ता आबाहो या भागातील पान वाळवून, रास घालून, मुरवून त्याचे चिरूट हाताने वळतात, आणि सन 2000 पासून तेथे वर्षातून मोजक्याच नगांची जी मर्यादित आवृत्ती निघू लागली, तिच्या बाहेरच्या पानाला किमान दोन वर्षे मुरवण्याचा दंडक आहे. तो चिरूट पारखणारा मनुष्य पेटवण्यापूर्वी वेष्टनाचा रंग पाहतो, बोटांत फिरवून भरण अजमावतो, हुंगतो, आणि मगच ओठांशी नेतो. मी धूम्रपान करीत नाही, त्या व्यसनाची भलावणही करीत नाही; परंतु हाताने घडवलेल्या, काळाने पक्व झालेल्या आणि पानात गुंडाळलेल्या वस्तूला ज्या अदबीने सामोरे जावे, ती अदब आपल्या सुकेळ्यालाही प्राप्त झाली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. एका वाडीतील, एकाच वेळी उतरवलेल्या घडांची, एकाच उन्हात वाळलेली खेप पुन्हा तशीच कधीही होत नाही.

परीक्षेसाठी मी सकाळचा समय पसंत करतो, कारण विजेच्या दिव्याखाली सारा तपकिरी रंग एकच दिसतो. केळीच्या सुक्या पानाचे वेष्टन सोडले की प्रथम ते वेष्टनच हुंगावे. त्याला वाळल्या गवताचा स्वच्छ वास असावा, कुबट वास आला तर पुढील तपासणीचे प्रयोजन उरत नाही. रंग मधासारखा, कडांना गडद आणि पोटाशी उजळ असावा. सगळीकडे एकसारखा फिकट पिवळा रंग दिसला तर मला संशय येतो, आणि संपूर्ण काळपट रंग दिसला तर आभाळ आले असावे, वाळण्यास विलंब झाला असावा, असा अंदाज बांधावा. पृष्ठभागावर पांढुरके काही दिसले तर घाबरू नये, परंतु दुर्लक्षही करू नये: शर्करेचा थर कोरडा आणि दाणेदार असतो, बुरशी लवदार असते आणि नाकाला लगेच कळते.

यानंतर बोटांचे काम. उत्तम सुकेळे वाकवले तर कमानीसारखे वाकते, तडकत नाही, आणि सोडल्यावर सावकाश सैल होते. दाबले तर चिकटपणा जाणवतो, पण बोटाला रस लागत नाही. मग ते लांबीच्या दिशेने उकलावे. केळ्याचा गर स्वभावतः तीन फाकांत विभागलेला असतो, आणि नीट वाळलेल्या सुकेळ्यात त्या तीन फाका मधल्या काळ्या ठिपक्यांच्या रेषेवरून स्पष्ट सुटतात. आत ओला लगदा आढळला तर वरची सारी शोभा व्यर्थ आहे.

जिभेची पाळी सर्वांत शेवटी. लहान तुकडा घेऊन तो लगेच चावू नये, जिभेवर ठेवावा. प्रथम गुळाची आठवण देणारी गोडी येते, पाठोपाठ किंचित आंबटपणा, आणि चावू लागल्यावर अंजिराच्या जवळ जाणारा परिमळ. गिळल्यानंतर घशाशी अगदी पुसट तुरटपणा उरतो, आणि माझ्या मते सुकेळ्याचा खानदानीपणा त्या तुरटपणातच आहे. केवळ गोड लागणारे सुकेळे मी दुय्यम मानतो.

त्या वाडीतील पुडके आणि शहरातील एका दुकानातून आणलेले, एकसारख्या फिकट रंगाचे पाकीट मी शेजारी ठेवून तपासले. दुकानातील माल दिसावयास देखणा, आकाराने एकसारखा होता. परंतु वाकवताच तडकला, आणि तोंडात पिठूळ गोडीखेरीज दुसरे काही उमटले नाही. वाडीतील नगांत दोन किंचित अधिक काळवंडलेले होते, एकाच्या टोकाशी ओल राहिली होती, आणि उरलेले सारे निःसंशय अव्वल दर्जाचे होते. ग्राहक रंग पाहून माल घेतो, म्हणून रंग टिकवणारा माल पेठेत पुढे येतो आणि उन्हात दिवस घालवणारा मागे पडतो. वाडीतील जमिनीला इमारतीचा भाव येत असताना राजेळीचे झाड सांभाळणाऱ्या कुटुंबाला हा अन्याय फार काळ सोसणार नाही.

वाचकांना माझी विनंती एवढीच की, पावसाळा सरल्यावर वसईकडे जाणे झाले तर सुकेळी वाडीतूनच घ्यावीत, पुडके सोडून पाहू देण्याची परवानगी मागावी, ती किती दिवस उन्हात होती हे विचारावे, आणि काळ्या कडांच्या, ओबडधोबड नगाला नाक मुरडू नये. दोन पैसे अधिक मागितले तर ते द्यावेत.