नानकटाईची स्पेनमधली मावसबहीण

मुलांनो, दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या पलूसमध्ये संध्याकाळी फिरायला निघालात, तर कोणती बेकरी कुठे आहे हे विचारावंच लागणार नाही. नाक सरळ तिथं घेऊन जाईल! बाहेर बायकामुलांची ही गर्दी. कुणाच्या हातात रव्या-मैद्याचा डबा, कुणाच्या पिशवीत पिठीसाखर, कुणाच्या किटलीत पातळ केलेलं तूप. घरचं सामान न्यायचं, तिथल्या पत्र्यांवर नानकटाई थापायची, भट्टीत भाजून घ्यायची आणि डबा भरून घरी आणायचा. हाताला चटके, नाकाला सुवास आणि पोटात कावळे!

आमच्या घरी हे काम आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. नंबर लावून ते तीन-तीन तास बाकावर बसायचे. पहिला पत्रा बाहेर आला की पहिली नानकटाई त्यांची. "तोंडात टाकली की विरघळली पाहिजे. चावावी लागली तर ती नानकटाई न्हवं, बिस्किट!" हा त्यांचा निकाल.

मग आबांना मधुमेह झाला. गेल्या वर्षी दिवाळीत डबा उघडला तेव्हा ते गुपचूप उठून ओसरीवर जाऊन बसले. माझ्या पुतणीला, सातवीतल्या पोरीला, ते बघवेना. तिनं हट्टानं साखरेऐवजी गूळ घालून नानकटाई केली. "आबा, गूळ चालतो. सगळे म्हणतात!" आबांनी कौतुकानं चार खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या यंत्रावर रक्तातली साखर पाहिली, तर आकडा २६८! पुतणी दिवसभर रडत होती. चूक तिच्या मायेची नव्हती, माहितीची होती.

गूळ का नाही चालत?

गूळ आणि साखर दोन्ही उसाचीच लेकरं. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्याचा बहुतेक भाग साखरच. शिवाय नानकटाईतला मैदा आणि रवा? त्यांची चव गोड नसली तरी ती कर्बोदकंच. पोटात गेल्यावर त्यांचीही ग्लुकोज साखर होते. १०० ग्रॅम मैद्यात सुमारे ७५ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे साखर काढली तरी अर्धा चोर घरातच राहिला की!

मग पिठाऐवजी घालायचं काय? उत्तर शोधता शोधता आम्ही पोचलो थेट स्पेनला.

एस्तेपा गावची गोष्ट

स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसिया नावाचा प्रांत आहे. तिथं सेव्हिल जिल्ह्यात एस्तेपा नावाचं लहानसं गाव आहे. नाताळ जवळ आला की तिथंही आमच्या पलूससारखाच घमघमाट सुटतो. तो असतो 'पोल्व्होरॉन'चा. पोल्व्हो म्हणजे धूळ, पूड. नाव अगदी बरोबर, कारण हात लावताच त्याची पूड होते! पीठ, चरबी, साखर, बदाम आणि दालचिनी एवढंच त्याचं सामान. पूर्वापार तिथं डुकराची चरबी वापरतात, पण तेलातलेही करतात.

एकोणिसाव्या शतकात एस्तेपामध्ये मिकाएला रुईझ तेयेस नावाची बाई होती. तिचा नवरा मालवाहतूक करायचा. वाटेत विकायला दिलेली बिस्किटं दूरच्या प्रवासात टिकावीत, म्हणून तिनं ती जास्त सुकवायला सुरुवात केली आणि तिथून हा धंदा वाढला, असं सांगतात. आज ते गाव याच बिस्किटांवर ओळखलं जातं.

आपल्या नानकटाईचीही अशीच गोष्ट आहे बरं का. सुरतेला डच व्यापाऱ्यांची वखार होती. ते गेल्यावर त्यांची भट्टी चालवणाऱ्या पारशी बेकरीवाल्याचा पाव खपेना. उरलेला पाव सुकवून विकता विकता पुढे नानकटाई जन्मली, असं म्हणतात. 'नान' हा पावासाठीचा फारसी शब्द. 'खताई'चा अर्थ काय, यावर मात्र जाणकारांचं अजून एकमत नाही.

आणि एक गंमत. स्पॅनिशमध्ये साखरेला 'असुकार' म्हणतात. तो शब्द अरबांकडून आला, अरबांकडे फारसीतून, आणि मुळात तो आपला 'शर्करा'! आंदालुसियावर अरबांचं राज्य शेकडो वर्षं होतं. त्यांनी बदाम आणि साखरेच्या मिठायांची आवड तिथं रुजवली. म्हणजे आमच्या ऊसवाल्या सांगली जिल्ह्याचं एस्तेपाशी शब्दांचं का होईना, नातं निघालंच.

खुसखुशीत का होते?

आई चकलीच्या पिठात कडकडीत मोहन घालते ना? तेच इथलं गुपित. गव्हाच्या पिठाला पाणी लागलं की त्यात ग्लुटेनची चिवट जाळी तयार होते. चपाती त्यामुळंच ताणली जाते. पण आधी भरपूर तूप चोळलं की पिठाच्या कणांवर तुपाचं पांघरूण बसतं, जाळी धरत नाही आणि बिस्किट भुसभुशीत होतं. म्हणून नानकटाईत पाणी घालत नाहीत.

स्पेनचे लोक आणखी एक युक्ती करतात. ते पीठ आधी कोरडंच भाजून घेतात, आपण लाडवासाठी रवा भाजतो तसं. त्यानं पिठातला ओलावा उडतो, जाळी धरण्याची ताकद कमी होते आणि खमंगपणा येतो.

कृती पहिली : सगळ्यांसाठी

मैदा २५० ग्रॅम, बदामाची पूड ९० ग्रॅम, पिठीसाखर ११० ग्रॅम, तूप १२५ ग्रॅम, चमचाभर दालचिनी पूड, चिमूटभर मीठ.

मैदा मंद आचेवर फिकट बदामी होईपर्यंत भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग सगळं एकत्र करून मळा. गोळा वळत नसेल तर चमचाभर तूप वाढवा, पाणी नाही! अर्धा इंच जाड थापून वाटीनं गोल कापा. १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर मोठ्या कुकरची शिट्टी आणि रिंग काढा, तळाला मिठाचा थर द्या, वर स्टँड ठेवून त्यावर ताटली ठेवा. कुकरमध्ये वेळ जास्त लागतो. आच आणि गरम भांडी मोठ्यांच्याच हाती द्यायची, हे सांगायला नकोच.

कृती दुसरी : आबांसाठी

बदामाची पूड २०० ग्रॅम, तूप ५० ग्रॅम, दालचिनी, चिमूटभर मीठ. साखर नाही, गूळ नाही, मैदा नाही. गोडीसाठी डॉक्टरांना विचारून स्टीव्हियाची पूड. १०० ग्रॅम बदामात कर्बोदकं सुमारे २२ ग्रॅमच, आणि त्यातही निम्म्याहून जास्त तंतू म्हणजे चोथा, जो साखर वाढवत नाही.

बदाम मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलेत तर तेल सुटून लगदा होतो. आमचा पहिला डाव तसाच फसला! दुसऱ्या वेळी पूड छान झाली, पण गरम गरम उचलायला गेलो तर हातात नुसता भुगा. बदामात ग्लुटेन नसतं, धरून ठेवणारं कुणी नाही. म्हणून लहान लहान करायच्या, १६० अंशांवर भाजायच्या आणि पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

शेवटच्या तावावर

यंदा दिवाळीत पुतणी आणि आबा दोघंही बेकरीत गेले. एका हातात नेहमीचा डबा, दुसऱ्या हातात बदामाची छोटी डबी. भट्टीवाल्या काकांनी डबी हुंगून बघितली. "बदाम लगेच जळतोय पोरी. समद्यांचं झाल्यावर, भट्टी उतरली की शेवटच्या तावावर लावू." रात्री साडेदहाला तो पत्रा बाहेर आला. आबा बाकावर पेंगत होते. पुतणीनं गार होईपर्यंत धीर धरला आणि मग पहिली त्यांच्या हातावर ठेवली.

आबांनी डोळे मिटून खाल्ली. म्हणाले, "विरघळली!"

डॉक्टरांनी आधीच ठरवून दिलं होतं : दिवसाला दोन, त्याही जेवण सांभाळून. कारण बदामात आणि तुपात कर्बोदकं कमी असली तरी उष्मांक भरपूर असतात. शिवाय गोळ्या आणि पथ्य बिस्किटानं सुटत नाही. खाल्ल्यावर दोन तासांनी पुतणीनं स्वतः यंत्रावर आकडा पाहिला. या वेळी त्यानं उडी मारली नव्हती. वहीत तिनं तो तारखेसकट लिहून ठेवलाय.

तुमच्याही घरी आजी-आजोबांना मधुमेह असेल, तर 'सगळे म्हणतात' यावर विसंबू नका. आधी डॉक्टरांना विचारा, मग पत्रा भट्टीत घाला.

आणि हो, स्पेनच्या मुलांचा एक खेळ राहिलाच. तोंडात पोल्व्होरॉन भरून 'पाम्पलोना' म्हणायचं. प म्हटलं की पुडीचा धुरळाच उडतो! आमच्या घरी आता 'पलूस' म्हणायची पैज लागते. तुम्हीही लावा. फक्त बसून, लहान घास घेऊन, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून. आणि झाडू कुणी मारायचा, ते आधीच ठरवून घ्या!