खैराचं इंग्रजी नाव कुणाचं?

सुधागड तालुक्यातल्या पालीच्या आसपासच्या डोंगरउतारांवर, जिथे माती पातळ आणि दगड जास्त, तिथे खैर तग धरून असतो. बारीक पानांची संयुक्त पर्णरचना, फांदीवर मागे वळलेल्या काट्यांच्या जोड्या, जुन्या खोडावरून पट्ट्या-पट्ट्यांनी सुटणारी साल. एकदा पाहिलेला खैर पुन्हा ओळखायला अडचण पडत नाही. इंग्रजी शब्दकोशात मात्र या झाडासाठी ‘कॅटेचू’ किंवा ‘कच ट्री’ अशी नावं सापडतात आणि दोन्हींचा रोख कातावर आहे. म्हणजे हे नाव झाड पाहून ठेवलेलं नाही, माल पाहून ठेवलेलं आहे. नामकरणाची एक गंमत म्हणून ते सोडून देता आलं असतं. पण या एका गोष्टीने युरोपातल्या औषधशास्त्राला आणि वनस्पतिशास्त्राला बराच काळ चकवलं.

कात म्हणजे मुळात काढा. जुना खैर तोडायचा, साल आणि बाहेरचं फिकट लाकूड तासून टाकायचं, आतल्या तांबूस गाभ्याचे कपचे करून ते पाण्यात तासन्‌तास उकळायचे. रस आटवून थंड होऊ दिला की दाणेदार भाग खाली बसतो. तो पानात खायचा कात. उरलेल्या चिकट, गडद रसात टॅनिनं जास्त असतात आणि तो रंगवायला, कातडं कमवायला जातो. या दाणेदार भागातला मुख्य घटक कॅटेचिन. शुद्ध स्थितीत तो जवळजवळ पांढरा असतो. जुन्या खैराच्या खोडातल्या भेगांत कधीकधी पांढरट भुकटी साठलेली सापडते, तिच्यातही मुख्यतः हेच द्रव्य असतं. पानावर कातासोबत चुना लावला की चुन्याच्या अल्कलीमुळे कॅटेचिनचं ऑक्सिडीकरण झपाट्याने होतं आणि ओठ लाल होतात. पान रंगलं असं आपण म्हणतो, तेव्हा तोंडात ही रासायनिक क्रिया झालेली असते.

परदेशी व्यापाऱ्याच्या हाती पडायची ती तपकिरी, ठिसूळ ढेप. झाड त्याने पाहिलेलंच नसायचं. ज्याने मूळ वस्तूची चौकशी केली, त्याला ती समजलीही होती. गोव्यात वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला आणि त्यात कात लाकडापासून कसा काढतात याचं वर्णन आहे. तरीही पुढे सतराव्या शतकात युरोपातले औषधविक्रेते याच पदार्थाला ‘टेरा जॅपोनिका’, म्हणजे जपानची माती म्हणत होते. माती नाही आणि जपानचीही नाही! छापील माहिती हाताशी असताना चूक टिकली, कारण बाजाराला ढेपेच्या भावाशी मतलब होता, तिच्या उगमाशी नव्हता.

पुढे हे नाव भलत्याच झाडांवर जाऊन बसलं. लिनियसने १७५३ मध्ये सुपारीचं नामकरण ‘अरेका कॅटेचू’ असं केलं. खैराला ‘मिमोसा कॅटेचू’ हे नाव मिळालं ते नंतर, त्याच्या मुलाच्या पुस्तकातून. त्यामुळे श्रीवर्धनच्या वाडीतली सुपारी आणि सुधागडच्या उतारावरचा खैर, एक ताडकुळातली आणि दुसरा बाभळीच्या गोतावळ्यातला, आजही शास्त्रीय नावात ‘कॅटेचू’ हेच पद लावतात. दोघांची गाठ पडते ती विड्यात. तिसरा भागीदार मलायाकडचा गँबिर, कॉफीच्या कुळातली वेल. तिची पानं आणि कोवळ्या फांद्या उकळून केलेला अर्कसुद्धा ‘कॅटेचू’ म्हणूनच विकला जाई. ब्रिटिश औषधकोशात तर नुसतं कॅटेचू म्हटलं की गँबिरच धरला जाई. खैराच्या काताला ‘काळा’ हे विशेषण जोडावं लागे. हे दोन अर्क वेगळे ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली लाकडाचे तुकडे दिसतात की पानावरची लव दिसते, हे पाहावं लागतं. दुसरी कसोटी रासायनिक आहे: गँबिरचा अल्कोहोलमधला अर्क कॉस्टिक सोडा आणि पेट्रोलियम स्पिरिटबरोबर हलवला की वरचा थर हिरवट चमकतो, खैराचा चमकत नाही. नावाने जे सांगायला हवं होतं, ते असं प्रयोगशाळेला सांगावं लागलं.

यावर वनस्पतिशास्त्रज्ञाचा आक्षेप ठरलेला आहे. नाव ही केवळ खूणचिठ्ठी असते. ते समर्पक नाही म्हणून बदलता येत नाही, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. नियम योग्यच आहे, नाहीतर रोज बारशी करत बसावं लागेल. पण चिठ्ठी म्हणून तरी ती स्थिर राहिली का? ‘मिमोसा’ जाऊन ‘अकेशिया’ आलं. मग २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आणि २०११ मध्ये मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या शेकडो जातींसाठी राखण्याचं ठरलं, कारण त्यामुळे कमीत कमी नावं बदलावी लागणार होती. खैर झाला ‘सेनेगालिया कॅटेचू’. कोकणातल्या झाडाला सेनेगलचं आडनाव लागलं. आणि रस्त्याकडेला परदेशातून आणून लावलेली बिनकाट्याची ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अकेशियाच राहिली. एवढ्या उलथापालथीत न हललेलं पद कोणतं, तर मालाचं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मालाच्या नावानेच रसायनशास्त्राला मोठं भांडवल दिलं. ग्रीन टीच्या खोक्यावर मिरवणारी कॅटेचिनं हे नाव याच अर्काकडून आलं. १८३९ मध्ये राइन्श या रसायनशास्त्रज्ञाने कॅटेचिनचं ऊर्ध्वपातन करून कॅटेचॉल मिळवलं, आणि त्या रेणूची चौकट ज्यांच्यात आहे त्या ॲड्रेनॅलिन, डोपामिनसारख्या द्रव्यांच्या गटाला आज कॅटेकोलअमाइन म्हणतात. भीतीने छाती धडधडते तेव्हा रक्तात जे उसळतं, त्याच्या नावात कात आहे. हे सारं मान्य. द्रव्याला द्रव्याचं नाव शोभतंच. घोटाळा होतो तो तेच नाव उलट फिरून झाडावर डकवल्यावर.

आणि कातकरी? या आदिवासी जमातीचं नावही कातावरूनच पडलंय, मग इंग्रजांनी वेगळं काय केलं, असं सुधागडातला वाचक विचारील. फरक असा की मराठीने कात या शब्दावरून माणसांचा धंदा सांगितला आणि झाडासाठी खैर हा शब्द स्वतंत्र ठेवला. या वेगळेपणाची गरज इंग्रजीलाही पडली, पण ती व्यापाऱ्यांना नाही, जंगल खात्याला. उभी झाडं मोजायची, कुठलं तोडायचं आणि कुठलं राखायचं हे ठरवायचं, तर ‘कॅटेचू’ कुचकामी होतं. म्हणून भारतातल्या वनाधिकाऱ्यांच्या इंग्रजीत सरळ ‘खैर’ आला. चँपियन आणि सेठ यांच्या १९६८च्या वनवर्गीकरणात ‘खैर-सिसू’ हा वनप्रकार त्याच नावाने नोंदला आहे. मात्र खैराला झाड म्हणून कागदावर जागा देणाऱ्या याच खात्याच्या काळात, १८७८च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली, कातकऱ्यांचा कात सुटला आणि ते कोळशाच्या, पुढे विटांच्या भट्टीवर गेले.