रेनेसाँ फेअर : सोळाव्या शतकाच्या वेशातील अमेरिकी जत्रा

अमेरिकेत ‘रेनेसाँ फेअर’ या नावाने भरणाऱ्या जत्रा युरोपातील प्रबोधनकाळाचे, त्यातही सोळाव्या शतकातील इंग्लंडचे, दर्शन घडवण्याचा दावा करतात. परंतु या जत्रेची घडण तपासू लागले, की तिच्यावर आठव्या हेन्रीच्या किंवा पहिल्या एलिझाबेथच्या काळापेक्षा १९६० च्या दशकातील कॅलिफोर्नियाचे ठसे अधिक ठळक दिसतात. मूळ कल्पना लॉस एंजेलिसमधील शिक्षिका फिलिस पॅटर्सन यांची. लॉरेल कॅन्यन या डोंगराळ वस्तीतील आपल्या घराच्या परसात त्या मुलांना नाटक शिकवत असत, आणि त्यासाठी त्यांनी ‘कमेडिया देल्लार्ते’ हा सोळाव्या शतकात इटलीत बहरलेला नाट्यप्रकार हाताशी घेतला होता. कंजूष म्हातारा, बढाईखोर शिपाई, चलाख नोकर अशी ठरलेली पात्रे, चेहऱ्यावर मुखवटे आणि कथेचा नुसता सांगाडा घेऊन संवाद जागच्या जागी रचायचे, अशी त्याची रीत. वगातील सोंगाड्याचा हजरजबाबीपणा ज्यांनी अनुभवला आहे, त्या मराठी प्रेक्षकांना ती परकी वाटू नये.

परसातला हा खेळ मैदानावर आला तो पैशांच्या निकडीपोटी. केपीएफके हे श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारे रेडिओ केंद्र पॅसिफिका या संस्थेचे होते, आणि कम्युनिस्टांशी लागेबांधे असल्याच्या संशयावरून सिनेटच्या एका उपसमितीने १९६३ मध्ये त्या संस्थेची चौकशी आरंभली होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्राला निधी मिळावा म्हणून फिलिस आणि त्यांचे पती रॉन यांनी नॉर्थ हॉलिवूडमधील एका रँचवर दोन दिवसांची जत्रा भरवली, आणि तिला हजारो लोक लोटले. पुढे १९६६ पासून दोन दशकांहून अधिक काळ ती अगौरा येथील पॅरामाउंट रँचवर, म्हणजे काउबॉयपटांचे चित्रीकरण होत असे त्याच जागी, भरत राहिली.

पॅटर्सन दांपत्याने जत्रेला शिस्त लावली ती शिक्षकाच्या खाक्याने. सहभागी होणाऱ्यांसाठी एलिझाबेथकालीन बोली, अभिवादन आणि पेहराव यांच्या कार्यशाळा घेतल्या जात, आणि विक्रीच्या मांडवात हाताने घडवलेल्या वस्तूंनाच मान असे. यंत्रमालाला विटलेल्या तरुण कुंभारांना, चर्मकारांना, काच फुंकणाऱ्यांना आपले काम ग्राहकासमोर करून दाखवता येईल आणि तिथेच विकता येईल अशी बाजारपेठ त्यातून मिळाली. अमेरिकी हस्तव्यवसायांच्या पुनरुज्जीवनात या जत्रांचा वाटा म्हणूनच मोलाचा आहे, आणि कला-इतिहासाच्या पुस्तकांतून त्याची दखल व्हावी तेवढी घेतली जात नाही.

जत्रेचा एक दिवस कसा असतो, हे मेरीलँड राज्यातील क्राउन्सविलच्या उदाहरणावरून समजते. १९७७ मध्ये सुरू झालेली ही जत्रा ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत मुख्यतः शनिवार-रविवारी भरते. तिच्यासाठी झाडीत ‘रेव्हल ग्रोव्ह’ नावाचे एक कल्पित इंग्रजी खेडे कायमचे बांधलेले असून, आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीतील एकेक वर्ष घेऊन तिथले कथानक हंगामागणिक पुढे सरकते. प्रेक्षकांपैकीही अनेकजण हौसेने वेश करून येतात. त्यांना जत्रेच्या परिभाषेत ‘प्लेट्रॉन’, म्हणजे तिकीट काढून आलेले पण खेळात सामील झालेले पाहुणे, म्हणतात. कमरेला तलवार असेल, तर तिची मूठ म्यानाला दोरीने किंवा पट्टीने अशी जखडली जाते, की पाते उपसताच येऊ नये. या गाठीला ‘पीस-टाय’ म्हणतात. गल्ल्यांतून फिरणारे नट सोळाव्या शतकाबाहेर येण्यास साफ नकार देतात, आणि मोबाइल हातात धरलेल्या पाहुण्याची त्यावरून मनसोक्त फिरकी घेतात.

गर्दी सर्वाधिक खेचतो तो ‘जाउस्ट’, म्हणजे मधल्या कठड्याच्या दोन बाजूंनी समोरासमोर दौडत येणाऱ्या चिलखती घोडेस्वारांची भालाझुंज. नाटकी खेळात कोण जिंकणार हे आधी ठरलेले असते, आणि भाल्याचे टोक अनेकदा बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचे करतात. ते ढालीवर आदळताच फुटते, छिलके उडतात, आणि धक्क्याचा बराचसा जोर त्या फुटण्यातच जिरतो. तरीही घोडा खरा, वेग खरा आणि पडणेही खरेच. ठरवून केलेली झुंज म्हणून तिला हिणवणाऱ्यांनी हे विसरू नये.

खाद्यपदार्थांत मात्र इतिहासाची पुरती दैना उडते. जत्रेची खूण ठरलेली धुरावलेली टर्कीची तंगडी ज्या पक्ष्याची, तो अमेरिका खंडातून सोळाव्या शतकातच इंग्लंडात पोहोचला आणि तेव्हा श्रीमंतांच्या मेजवानीतील अपूर्वाई होता; सामान्य गावकरी तो हातात धरून हिंडत नव्हता. तंगडी ओरबाडणाऱ्या हेन्रीचे लोकप्रिय चित्र बरेचसे चार्ल्स लॉटन या नटाने १९३३ च्या चित्रपटात रंगवलेल्या राजावरून आले आहे.

या सगळ्यामागे एक फिरती बिरादरी आहे. स्वतःला ‘रेनी’ म्हणवणारे कारागीर आणि कलावंत वसंताच्या तोंडावर ॲरिझोनात, उन्हाळ्यात कोलोरॅडोत, त्यानंतर मिनेसोटात आणि शरदात टेक्सासमधील टॉड मिशनला, १९७४ पासून भरणाऱ्या विस्तीर्ण जत्रेत, असा मुक्काम हलवत राहतात. अनेक कलावंतांची मिळकत खेळ संपल्यावर फिरवलेल्या टोपीत पडेल त्यावर अवलंबून असते, आणि म्हणून शेवटच्या दोन मिनिटांतले पैसे मागण्याचे भाषण हेच त्यांचे सर्वांत घोटलेले संवाद असतात. पुढे जगप्रसिद्ध झालेली पेन आणि टेलर ही जादूगार जोडी मिनेसोटाच्या अशाच जत्रेत तयार झाली.

सोळाव्या शतकाचा अभ्यास करण्यासाठी या जत्रेला जाण्यात अर्थ नाही. त्यासाठी संग्रहालये आहेत. परंतु नट, कारागीर आणि प्रेक्षक यांच्यातील अंतर काढून टाकल्यावर करमणूक कशी बदलते हे पाहायचे असेल, तर वॉशिंग्टन-बाल्टिमोर परिसरातील मराठी कुटुंबांनी सप्टेंबरमधला एखादा शनिवार क्राउन्सविलसाठी राखून ठेवावा, आणि फिरत्या टोपीसाठी खिशात थोडे सुटे पैसे असू द्यावेत.