तगरचे कापड, आफ्रिकेचा किनारा

लाल समुद्राच्या आफ्रिकी काठावर, आज एरिट्रिया देश आहे तिथे, अडुलिस नावाचे बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक माणसाने त्या काळच्या सागरी व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्याचे नाव काळाच्या ओघात गेले, पुस्तक मात्र टिकले. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ते आज ओळखले जाते. अडुलिसला काय काय येऊन उतरते याची त्यात यादी आहे. भारतातले लोखंड, पोलाद, सुती कापड, कमरपट्टे, लाख आणि मोलोखिना नावाचे एक खास कापड. आता त्याच पुस्तकात थोडे पुढे जावे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे शहर. तगरहून भडोचला काय जाते? पुष्कळ साधे कापड, तलम वस्त्रांचे नाना प्रकार आणि मोलोखिना.

ते तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले, तेरणा नदीकाठचे तेर.

ही ओळख १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी पटवून दिली. त्याआधी विद्वान मंडळी तगरला कधी दौलताबादला नेऊन ठेवत, कधी जुन्नरला. फ्लीट यांच्या पाठोपाठ हेन्री कझेन्स यांनी गावातली पांढरीची टेकाडे आणि विटांची देवळे तपासली आणि मग शंका उरली नाही. पुढे १९५८ मध्ये चापेकरांनी इथे उत्खनन केले आणि त्यानंतरही टप्प्याटप्प्याने खोदकामे होत राहिली. खरे तर नाव पुसले गेले नव्हतेच. कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे शतकानुशतके स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. राजधानी ठाण्याला किंवा कोल्हापूरला असली तरी बिरुदात मिरवायचे ते तगर.

ज्या जिल्ह्याचे नाव आज दुष्काळाच्या बातमीत आधी येते आणि ज्याला २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातले, त्या जिल्ह्यातल्या मालाची नोंद दोन हजार वर्षांपूर्वी जागतिक व्यापाराच्या पुस्तकात आहे. आणि तो माल कापूस नव्हे, कापड! कच्चा माल इथून गेला नाही, इथल्या हातांनी घडवलेली वस्तू गेली. आफ्रिकेतल्या देशांत उद्योग कसे उभे राहतील, तिथल्या कारागिरांच्या कल्पकतेला बळ कसे मिळेल, यावर आज जगभर विचार चालतो. त्या विचाराला लागणारे कितीतरी पुरावे तेरच्या मातीत पडलेले आहेत.

आधी कापडाचेच बघू. तगरच्या त्या सातवाहन काळात चरखा नव्हता. भारतात चरख्याचे लेखी उल्लेख मिळतात ते चौदाव्या शतकापासून. म्हणजे तगरच्या बाजारातले प्रत्येक ठाण टकळीवर कातलेल्या सुताचे. काळ्या रानातली बोंडे वेचायची, सरकी काढायची, कापूस पिंजायचा, पेळू करायचे आणि मग बोटांच्या चिमटीत वीत वीत करत सूत ओढायचे. एका मागाला पुरेल एवढे सूत द्यायला कित्येक टकळ्या फिरत राहाव्या लागत. कापड विणणारे हात शहरात असले तरी कातणारे हात आसपासच्या घराघरात असणार, आणि तेही बहुतेक बायकांचे. बैलगाड्या भरभरून माल महिनाभराच्या वाटेने, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात होता. त्यामागे केवढा मोठा, विखुरलेला आणि तरीही एका लयीत चालणारा कारखाना असेल याची कल्पना करून पाहावी!

या कापडाची खूण आफ्रिकेत अजून सापडते. इजिप्तच्या लाल समुद्रकाठी बेरेनिके नावाचे बंदर होते. १९९४ पासून तिथे उत्खनन झाले आणि कोरड्या वाळूत सुती कापडाचे तुकडे मिळाले. ते भारतातले की तिथलेच, हे ओळखायची युक्ती फार सुंदर आहे. सूत कातताना टकळी कोणत्या बाजूने फिरवली त्यावर धाग्याचा पीळ ठरतो. भिंगाखाली पाहिले तर पिळाची तिरपी रेघ इंग्रजी ‘झेड’ अक्षराच्या मधल्या रेघेसारखी दिसते, नाहीतर ‘एस’च्या. नाईलच्या खोऱ्यात ‘एस’ पिळाची रीत होती, भारतात ‘झेड’ पिळाची. बेरेनिकेतले कितीतरी सुती तुकडे ‘झेड’ पिळाचे निघाले. त्यात जहाजाच्या शिडाचे कापडही होते. एखाद्या बाईने टकळीला उजवीकडे झटका दिला की डावीकडे, ही गोष्ट दोन हजार वर्षे धाग्यात जपली गेली.

पण आफ्रिका काही नुसते गिऱ्हाईक नव्हते. आजच्या सुदानमधल्या मेरोए राज्यात त्याच सुमारास स्वतःचा कापूस पिकत होता, कातला आणि विणला जात होता. चौथ्या शतकात अक्सुमचा राजा एझाना याने त्या मुलखावर स्वारी केली आणि आपल्या शिलालेखात शत्रूची धान्याची आणि कापसाची कोठारे उद्ध्वस्त केल्याची नोंद केली. कापसाचे कोठार जाळणे हा पराक्रम म्हणून कोरला जातो, तेव्हा त्या कापसाला तिथे किती मोल असेल! अडुलिस हे याच अक्सुमचे बंदर. बाहेरचे कापड येत होते आणि शेजारीच घरचे कापडही विणले जात होते.

तेरला सर्वांत जास्त थक्क करते ती तिथली मातीकामाची कला. गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. पावसाळ्यात टेकाडांवरून वाहून आलेल्या, नांगराला लागलेल्या हजारो वस्तू या गृहस्थांनी आयुष्यभर गोळा केल्या, त्यातून हे संग्रहालय उभे राहिले. तिथे पांढऱ्याशुभ्र केओलिन मातीच्या लहान मूर्ती आहेत. केसांची रचना, कानातली कुंडले, गळ्यातले दागिने, सगळे रेखीव. या मूर्ती दुहेरी साच्यातल्या आहेत. पुढच्या बाजूचा एक साचा, मागच्या बाजूचा दुसरा. दोन्हींत मातीचा पातळ थर दाबायचा, मग दोन्ही भाग जोडायचे, म्हणजे मूर्ती आतून पोकळ होते. पोकळ असल्यामुळे ती भट्टीत तडकत नाही, वजनाला हलकी होते आणि एकाच साच्यातून हव्या तितक्या निघतात. हे तंत्र रोमन जगाच्या संपर्कातून आले असावे असे अनेक अभ्यासक मानतात. तेरच्या कारागिराने तंत्र उचलले आणि त्यात घडवल्या त्या आपल्या बायका, आपल्या देवता, आपले दागिने.

रोमन नाण्यांचेही त्याने तसेच केले. सम्राटाचा मुखवटा असलेले सोन्याचे नाणे पाहून मातीत त्याची नक्कल काढली आणि वर दोरा ओवायला जागा ठेवली. ज्याला सोने परवडत नाही त्याने गळ्यात रोमचा सम्राट मातीचा घालावा. नव्या वस्तूचा जन्म पुष्कळदा असाच होतो, परक्या मालाकडे बारकाईने पाहून आपल्या गिऱ्हाइकाच्या ऐपतीत बसेल असे काही करण्यातून. नक्कल म्हणून त्याला कमी लेखणे मला पटत नाही. जगातल्या बहुतेक उद्योगी देशांचे पहिले पाऊल हेच होते.

आणि मग त्या विटा. तेरच्या जुन्या बांधकामातल्या काही विटा पाण्यात टाकल्या तर तरंगतात. ऐकायला चमत्कार वाटतो, पण त्यामागे शुद्ध हिशेब आहे. मातीचा कण पाण्याच्या अडीच पटींहून जड असतो. वीट पाण्यावर राहायची तर तिच्या आत निम्म्याहून बरीच जास्त जागा मोकळी हवी. त्यासाठी मातीत भाताचे तूस कालवायचे. भट्टीत तूस जळून जाते आणि जिथे तूस होते तिथे बारीक बारीक पोकळ्या उरतात. बेत जरा चुकला की वीट हातात भुगा होणार, म्हणजे तुसाचे माप, मातीची जात आणि भट्टीची धग तिन्ही बरोबर साधावे लागत होते. तेरचे त्रिविक्रम मंदिर, एका टोकाला अर्धगोल असलेले चैत्यासारखे विटांचे बांधकाम, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या उभ्या वास्तूंपैकी आहे. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर हलके बांधकाम करणे शहाणपणाचे, हे त्या गवंड्यांना अनुभवाने उमगले असावे. याच गावात तेराव्या-चौदाव्या शतकात गोरा कुंभार होऊन गेले. संतांची मडकी थापटण्याने पारखणारा हा माणूस ज्या मातीवर उभा होता तिच्यात हजार वर्षांहून जास्त काळाचे कुंभारकाम मुरलेले होते.

कसब आहे, कच्चा माल आहे, गिऱ्हाईक आहे. भांडवल कुठून येत होते? याचे उत्तर तेरमध्ये नाही, नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे, आणि माझ्या मते प्राचीन महाराष्ट्राच्या अर्थकारणातला हा सर्वांत विलक्षण दगड आहे. दहाव्या लेण्यातल्या लेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात सांगतो की त्याने गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. ही रक्कम परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे व्याज महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. वीस गुणिले बारा, बरोबर दोनशे चाळीस! दगडावर कोरलेला हिशेब आजही चोख जुळतो.

यात किती गोष्टी एकदम साधल्या आहेत पाहा. विणकरांच्या श्रेणीकडे राजघराण्यातला माणूस विश्वासाने ठेव ठेवतो, म्हणजे कारागिरांची संघटना स्वतःच पेढी आहे. तिला कधीही परत न करायचे भांडवल मिळते. आणि त्या व्याजातून दरवर्षी घेतले जाते ते पुन्हा कापडच. जवळच्या विणकरांना जवळचेच कायमचे गिऱ्हाईक. दूरच्या बाजारावर सगळी भिस्त ठेवायची नसते हे त्या काळच्या लोकांना चांगले कळत होते, कारण दूरचा बाजार कसा बंद होतो ते त्यांनी पाहिले होते. पेरिप्लसमध्येच लिहिले आहे की कल्याण बंदरात जाणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेले जाई. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या झगड्यात दख्खनचे जवळचे बंदर अडले होते. तगरच्या गाड्या एवढा लांबचा वळसा घेऊन भडोच गाठत होत्या त्यामागे हेही कारण असणार. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवलेला होता.

दूरचा बाजार असा एकाएकी बंद होणे आफ्रिकेत आजही घडताना दिसते. इथिओपियाने २०१६ मध्ये हवासा इथे कापड उद्योगाची मोठी वसाहत उभी केली. तिथून अमेरिकेत जकातीशिवाय माल जात होता. देशातल्याच टिग्रे प्रांतातल्या युद्धामुळे १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेने ती सवलत काढून घेतली आणि तयार कपड्यांचा तो दरवाजा एका दिवसात लागला. रवांडाने २०१६ मध्ये बाहेरून येणाऱ्या वापरलेल्या कपड्यांवरचा कर किलोमागे वीस सेंटवरून अडीच डॉलरवर नेला, आपल्या शिंप्यांना आणि गिरण्यांना वाव मिळावा म्हणून. उत्तर म्हणून अमेरिकेने २०१८ मध्ये रवांडाच्या कपड्यांची सवलत थांबवली. रवांडा मागे हटला नाही. त्या लहानशा देशाच्या हट्टाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आणि धाराशिव? कौडगावच्या औद्योगिक वसाहतीत तांत्रिक वस्त्रोद्योग आणायचे प्रयत्न चालले आहेत. तांत्रिक वस्त्र म्हणजे शेडनेट, दवाखान्यातले बँडेज, रस्त्याच्या भरावाखाली अंथरायचे कापड. तगरच्या मुलखाला ते शोभेल. पण जिल्ह्यात घरोघरच्या हातांतला कारखाना आज पाहायचा असेल तर भूम, वाशी, कळंबकडे जावे आणि खव्याची भट्टी पाहावी. पावसाने दगा दिला तरी दारातली म्हैस दूध देते. दूध मात्र काही तासांत नासते आणि मोठे शहर दूर. म्हणून कढईत सतत ढवळत ते आटवायचे. चार-पाच लिटर म्हशीच्या दुधाचा किलोभर खवा होतो. वजन घटते, टिकाऊपणा वाढतो, आणि दूरच्या मिठाईवाल्याकडे जाते ती तयार वस्तू. कुंथलगिरीचा पेढा याच खव्यावर उभा आहे. तेरच्या कोष्ट्याने कापसाचे जे केले तेच या माणसांनी दुधाचे केले.

भट्टीला लाकूड लागते, धुराने डोळे जातात, ढवळणारा खांदा भरून येतो. आता या भागात काही ठिकाणी विजेवर आणि सौरऊर्जेवर फिरणाऱ्या खव्याच्या कढया आल्या आहेत. खालून नेमकी आच, वर आपोआप फिरणारे पाते, दूध करपत नाही, झाडही तुटत नाही. मला उत्सुकता आहे ती या यंत्राच्या पुढच्या पिढीची. पाते कोणत्या कोनात वळवले म्हणजे खवा कढईला धरत नाही, रवाळ खव्यासाठी आच कधी कमी करायची, हे भूमच्या भट्टीवाल्याइतके कुणालाच कळत नाही. त्याला जिल्ह्यातल्याच एखाद्या फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये बसवावे, त्याच्या संघाला नाशिकच्या कोष्ट्यांना मिळाली तशी परत न मागायची ठेव द्यावी, आणि आश्रमशाळांच्या, वसतिगृहांच्या सणासुदीच्या गोडधोडाची मागणी दरवर्षी त्याच्याकडेच नोंदवावी. इथिओपियापासून केनियापर्यंत दूध नासण्याची अडचण हीच आहे, आणि तशी कढई त्यांनाही हवी आहे.