संगणकाच्या मांडणीची प्रत : अल्प श्रम, मोठी सुरक्षितता

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे कोळसा व चुनखडीच्या पट्ट्यातील गाव. अशा गावांतूनही संगणक आता घरोघरी पोहोचू लागला आहे. शिक्षक त्यावर निकालपत्रके तयार करतात, पंचायत सदस्य अर्ज व ठराव लिहितात. लिहिलेल्या मजकुराची प्रत ठेवण्याची सवय पुष्कळांना आहे. संगणकाच्या अंतर्गत मांडणीची, म्हणजे सेटिंग्जची, प्रत मात्र क्वचितच ठेवली जाते.

मराठी कळफलक, प्रिंटरची जोडणी, इंटरनेटचा पासवर्ड, डिजिटल स्वाक्षरीचे साधन या साऱ्यांचे कार्य मांडणीवर अवलंबून असते. विंडोज प्रणालीत यांपैकी बऱ्याच नोंदी ‘रजिस्ट्री’ या भांडारात असतात. एखादी चुकीची नोंद झाली किंवा काम चालू असताना वीज गेली, तर मजकूर शाबूत राहूनही यंत्र अडून बसू शकते.

यावर पहिला उपाय ‘सिस्टिम रिस्टोअर’ हा होय. २००० साली विंडोज एमईबरोबर आलेली ही सोय मांडणीला पूर्वस्थितीत नेते. अनेक यंत्रांवर ती बंद असते. म्हणून ती सुरू आहे की नाही हे आधी पाहावे आणि नवा प्रोग्राम बसविण्यापूर्वी पुनःस्थापन-बिंदू तयार करावा. रजिस्ट्रीत बदल करावयाचा असल्यास संबंधित भाग ‘एक्सपोर्ट’ करून ठेवावा.

तथापि पुनःस्थापन-बिंदू त्याच डिस्कवर साठविला जातो. डिस्कच निकामी झाली तर तोही नाहीसा होतो. म्हणून संपूर्ण प्रणालीची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी व ती डिस्क एरवी संगणकापासून अलग ठेवावी. ‘बिटलॉकर’ने डिस्क कुलूपबंद असल्यास तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर उतरवून सुरक्षित ठेवावी. त्या किल्लीवाचून प्रसंगी मालकालाही आपली माहिती उघडता येत नाही.

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक कागदपत्रे भस्मसात झाली. मूळ व प्रत एकाच छताखाली असल्यास दोन्ही एकदमच नष्ट होऊ शकतात, हा धडा घरच्या संगणकालाही लागू आहे. यास्तव तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत अन्यत्र, हा नियम पाळणे हितावह ठरेल. प्रत खरोखर उघडते की नाही, हेही अधूनमधून पडताळून पाहावे. कारण न तपासलेल्या प्रतीवर ऐनवेळी विसंबता येत नाही.