दादांचे पाटबंधारे खाते आणि आपला पाट



बांधावर बसले की जुनी मंडळी वसंतदादा पाटलांची आठवण काढतातच. दादा सांगलीजवळच्या पद्माळ्याचे. शाळा फारशी झाली नाही. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, तेव्हा खांद्याला गोळी लागली. स्वातंत्र्यानंतर त्यांनी सांगलीचा सहकारी साखर कारखाना उभा केला. १९७२ साली ते राज्याचे पाटबंधारे मंत्री झाले, १९७७ साली मुख्यमंत्री, आणि १९८३ साली पुन्हा मुख्यमंत्री. मांजरीच्या ऊस संशोधन संस्थेला आज त्यांचेच नाव आहे.

कारखाना उसावर चालतो आणि ऊस पाण्यावर, हे ज्याने शेतात पाहिले त्याच्या हाती पाटबंधारे खाते आले, हे आम्हाला मोठे वाटते. पण मंत्री पाणी पाटापर्यंत आणील, सरीत किती सोडायचे ते आपणच ठरवायचे.

इथेच आपले चुकते. कृष्णाकाठी कितीतरी जमीन खारवट, पाणथळ झाली. जादा पाण्याने जमिनीखालची पातळी वर येते, क्षारही वर चढतात. पाणी उन्हाने उडते, क्षार मात्र मागे राहतात. मग ऊस पिवळा पडतो, टनेज घसरते.

म्हणून ठिबक बसवा. नाही जमले तर एक सरी आड पाणी द्या. निचऱ्याचे चर उघडे ठेवा. लागणीआधी माती तपासून घ्या. जमीन पांढरी पडल्यावर धावपळ करून काय उपयोग?