स्तोत्रसंहितेतील ‘अभिषिक्त’ राजा आणि ख्रिस्ती मशीहा-कल्पना : मराठी संदर्भात एक विचार

प्रस्तावना :

‘अभिषेक’ हा शब्द कानी पडताच बीड जिल्ह्यातील वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम परळीच्या वैजनाथावरील जलधारा उभी राहते आणि त्यानंतर रायगडावरील १६७४ चा राज्याभिषेक. मराठी बायबलमधील ‘अभिषिक्त’ हा शब्द याच दोन प्रतिमांच्या छायेत वाचला जातो. मूळ हिब्रू शब्द ‘माशीअह’. त्यावरून ‘मशीहा’ आणि त्याच्या ग्रीक प्रतिशब्दावरून ‘ख्रिस्त’. म्हणजे ‘ख्रिस्त’ हे येशूचे व्यक्तिनाम नसून बिरुद आहे, ही साधी बाब सुशिक्षितांच्याही नजरेतून अनेकदा निसटते. स्तोत्रसंहितेतील राजा हा ख्रिस्ती श्रद्धेतील मशीहा कसा झाला आणि मराठीत येताना त्याचे रूप कसे बदलले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हिब्रू परंपरेतील अभिषेक पाण्याचा नसून तेलाचा आहे. शमुवेल संदेष्ट्याने दावीद या मेंढपाळ मुलावर शिंगातील तेल ओतल्याची कथा प्रसिद्ध आहे. याकोबाने बेथेल येथे उशाशी घेतलेला दगड उभा करून त्यावर तेल ओतले, हा उत्पत्तीच्या पुस्तकातील प्रसंग तर परळीच्या वाचकाला ओळखीचा वाटावा. तथापि येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. लिंगावरील अभिषेक ही आराध्याची पूजा होय. दाविदावरील अभिषेक ही सेवकाची नेमणूक होय. स्तोत्रांतील अभिषिक्त हा स्वतः देव नाही, तो देवाला उत्तरदायी असलेला माणूस आहे.

राजस्तोत्रे :

स्तोत्रसंहितेत एकूण १५० स्तोत्रे असून त्यांचे पाच भाग केलेले आहेत. जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल (१८६२-१९३२) यांनी त्यांपैकी काहींना ‘राजस्तोत्रे’ असे नाव दिले. २, ४५, ७२, ८९, ११० व १३२ ही त्यांतील प्रमुख होत. त्यांतील राजा हा भविष्यातील तारणारा नसून यरुशलेमच्या गादीवर प्रत्यक्ष बसलेला, दाविदाच्या वंशातील राजा आहे, हे गुंकेल यांचे प्रतिपादन आज सामान्यतः मान्य केले जाते. दुसऱ्या स्तोत्रात देव त्याला पुत्र म्हणून संबोधतो, ४५ व्यात त्याच्या विवाहाचे वर्णन येते, तर ११० व्यात तो देवाच्या उजवीकडे बसतो आणि मलकीसदेकाच्या परंपरेतील याजकही ठरतो.

यांतील ७२ वे स्तोत्र विशेष मननीय आहे. राजाची कसोटी तेथे विजयावर नव्हे, तर दुबळ्यांना मिळणाऱ्या न्यायावर लावली आहे आणि त्याच्या राज्याला कापलेल्या गवतावर पडणाऱ्या पावसाची उपमा दिली आहे. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन बाहेर पडतात, तेथे या उपमेचे स्पष्टीकरण करावे लागू नये.

असा राजा प्रत्यक्षात क्वचितच लाभला. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी बाबिलोनने यरुशलेम उद्ध्वस्त केले आणि दाविदाचे सिंहासन कायमचे रिकामे झाले. ८९ व्या स्तोत्रात दाविदाला दिलेले वचन आठवून, मुकुट धुळीस का मिळाला, असा थेट जाब देवाला विचारलेला आहे. आश्चर्य असे की, गादी गेल्यानंतरही ही स्तोत्रे टाकून दिली गेली नाहीत. ती गायिली जात राहिली. राजा नसताना गायिलेले राजस्तोत्र आपोआपच येणाऱ्या राजाचे स्तोत्र बनते. मशीहाची अपेक्षा, प्रस्तुत लेखकाच्या मते, राज्याच्या वैभवापेक्षा या रिकाम्या सिंहासनातून अधिक जन्मली.

ख्रिस्ती मंडळीने ही स्तोत्रे येशूला लावली. प्रेषितांच्या कृत्यांत दुसऱ्या स्तोत्राचा संबंध त्याच्या पुनरुत्थानाशी जोडला आहे, तर इब्री लोकांस पत्रात ११० व्या स्तोत्रावरून राजा व याजक ही दोन्ही पदे त्याच्या ठायी एकवटली आहेत. ज्यू परंपरा अर्थातच हे मान्य करीत नाही. राशी (१०४०-११०५) या भाष्यकाराने दुसरे स्तोत्र मशीहाविषयी असल्याचा पूर्वाचार्यांचा अर्थ नोंदवूनही सरळ अर्थाने ते दाविदाविषयीच घेतले आहे. परंतु ख्रिस्ती वाचनातील खरी नवलाई अन्यत्र आहे. वधस्तंभावर येशूच्या मुखी येते ते राजस्तोत्र नव्हे, तर २२ वे, म्हणजे टाकून दिलेल्या माणसाच्या विलापाचे स्तोत्र. त्याच वधस्तंभावर ‘यहुद्यांचा राजा’ ही पाटी लावलेली आहे. पाटी उपहासाची आहे. शुभवर्तमानकार मात्र ती सत्य मानतात.

मराठीतील राजा :

हा राजा मराठीत आला तो परकीय सत्तेच्या सावलीत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये पोर्तुगीज अमलाखालील राचोल येथे छापले गेले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ मध्ये कंपनी सरकारच्या काळात सुरू झाले. अशा स्थितीत दुसऱ्या स्तोत्रातील लोहदंड धारण करणारा राजा गोऱ्या राज्यकर्त्यासारखा भासण्याचा धोका होता. शिवाय प्रश्न भाषेचाही होता. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे भाषांतर करताना हिंदू उपासनेचे संस्कार असलेले शब्द टाळून, खेड्यातील स्त्रीलाही कळेल अशी साधी मराठी वापरण्यावर भर दिला.

रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी नेमकी उलट वाट धरली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांची कर्मभूमी प्रामुख्याने अहमदनगर, म्हणजे बीडचा शेजार हीच राहिली. तुकारामांच्या अभंगवाणीतून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. वारकरी परंपरेत ‘पंढरीचा राणा’ सिंहासनावर बसत नाही, विटेवर उभा राहतो आणि जनाबाईबरोबर दळणही दळतो. राजा आणि सेवक ही दोन पदे एकाच ठिकाणी पाहण्याची सवय मराठी मनाला अशी आधीपासूनच होती. टिळकांचा ख्रिस्त एकाच वेळी प्रभू आणि माउली आहे, तो यामुळेच.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तेथे स्थान होते. ‘दरबार’ हा शब्द येथे लक्षणीय ठरतो. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या बीडकरांना दरबार म्हणजे नजराणा, मुजरा आणि मानपानाची उतरंड. टिळकांच्या दरबारात प्रवेशासाठी ना मिशनचा शिक्का लागत होता, ना परदेशी पैसा. रमाबाईंच्या सावधगिरीमागील कारणे खरी होती, हे मान्य करूनही ७२ व्या स्तोत्रातील राजा मराठीत अधिक स्पष्टपणे उमटला तो टिळकांकडे, असे म्हणावेसे वाटते. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. दरबाराला त्यांचा सहवास जेमतेम दोन वर्षे लाभला.